टोपली रिकामी करू का?

बाण आपोआप हलला. मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर होते, माऊस टेबलावर एकटाच पडला होता, आणि तरी पडद्यावरचा पांढरा बाण उजव्या कडेनं निघाला, मधोमध येऊन थबकला, परक्या घरात आलेला माणूस बसायचं कुठे ते बघतो तसा जरा इकडेतिकडे झाला आणि मग सरळ डावीकडे चालता झाला. मास्तर खुर्चीत मागे सरकले. आयुष्यभर शिंप्याच्या दुकानात त्यांनी हलणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे माणूस बघितला होता. सुई हलली की मागे बोट, कात्री हलली की मागे अंगठा, मशीनचं चाक फिरलं की खाली पाय. इथे मागे कुणी नव्हतं. खोलीत खिडकी होती, खिडकीत एक कुंडी, कुंडीत सकाळी घातलेलं पाणी अजून मुरत होतं, आणि कापड बेतायच्या जुन्या टेबलावर, जिथे एकेकाळी कोट पसरलेले असत, तिथे हा कॉम्प्युटर, आणि त्याच्यात चालणारा हा बिनहाताचा बाण.

"दिसतंय का, काका?" दोऱ्याच्या रिळाला टेकवून ठेवलेल्या फोनमधून बाई म्हणाली. "घाबरू नका. ती मीच आहे."

आणि शिंकली. बाण पडद्यावर टुणकन उडाला.

"जपून," मास्तर म्हणाले. नेमकं कुणाला म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही.

गाडं अडलं होतं ते असं. कॉम्प्युटर सुरू करून चहाला आधण ठेवावं, चहा उकळावा, गाळावा, प्यावा, कप विसळून पालथा घालावा, तरी पडद्यावरचं ते निळं चक्र आपलं गरगरतंच. परवा पडद्यावर मुलगी बोलता बोलता दगड झाली. म्हणजे तिचं चित्र. तिच्या मांडीवरचा नातू तोंड उघडून तसाच राहिला, आत नुकताच आलेला दात दिसत होता, आणि आवाज मात्र पुढे जाऊन कुठल्या तरी विहिरीतून आल्यासारखा म्हणत होता, "बाबा, ते भरलंय सगळं. आकंठ जेवलेल्या माणसाला पळायला लावाल का तुम्ही? कॉम्प्युटरच्या दुकानाला फोन करा. त्यांच्याकडे मदतीला माणसं असतात, घरबसल्या करून देतात." मास्तरांनी विचारलं, घरबसल्या म्हणजे ते येणार? "नाही हो बाबा, ते त्यांच्या घरी बसणार आणि तुम्ही तुमच्या." मास्तर हसले होते. मापं घ्यायला न येता कोट शिवून देणारा शिंपी त्यांनी अजून पाहिला नव्हता. पण त्यांनी लगेच फोन लावला नाही. बायको बाहेर जायची वाट पाहिली. आज ती बटणं बघायला गेली, आणि बटणं बघायला गेलेली बाई लवकर परत येत नसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? दार लागलं, जिन्यावरची पावलं विरली, आणि त्यांनी नंबर दाबला.

बायको समोर नको होती, कारण टोपली.

पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ती होती. इतकुशी, जाळीदार, वर कागदाचे बोळे डोकावणारी. मुलीनं पहिल्यांदा कॉम्प्युटर आणून जोडून दिला तेव्हा बोटानं दाखवत गेली होती, हे इथे पत्रं, हे फोटो, ही टोपली. बाकी सगळं मास्तरांच्या डोक्यावरून गेलं, पण टोपली म्हटल्यावर ते सावरून बसले. टोपली त्यांना कळत होती. दुकानात बेतायच्या टेबलाखाली वेताची एक टोपली असे, मांजर सहज झोपेल एवढी, आणि दिवसभर कात्रीतून सुटलेलं कातरण पायानं तिच्यात ढकललेलं असे. बाहेरच्याला वाटे, कचरा. पण दुकानातून चिंधी कधी बाहेर गेली नाही. सकाळी दार उघडलं की काजबाई आधी टोपलीपाशी उकिडवी बसायची. काजं-बटणं करते म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं ते नाव, मास्तरांशी लग्न झाल्यावरही तेच राहिलं. टोपलीत कोपरापर्यंत हात घालून ती एकेक तुकडा वर काढायची, उजेडात धरायची, दोन्ही हातांनी ताणून बघायची. हा कॉलरच्या आतल्या बाजूला. हा खिशाच्या तोंडाला. ह्याची कडेला लावायची पायपिंग निघेल. ह्याला राहू दे, ह्याचा दिवस अजून आला नाही. जे आज लागत नाही पण टाकवत नाही ते टोपलीत, हा दुकानाचा कायदा होता. मग पडद्यावर टोपली दिसल्यावर मास्तरांनी दुसरं काय करायचं? मुलीची जुनी पत्रं वाचून झाली, टोपलीत. नातवाचे हललेले फोटो, टोपलीत. आणि काजबाईचा आवाज.

"काका, मी आता आत जरा बघते हं, कशानं जागा भरलीय ते. तुम्ही काही दाबू नका. दाबलंत?"

"नाही."

"शहाणे आहात. परवा एकांनी मी काम करत असताना माऊस धरून ठेवला. ओढाताण नुसती. मी इकडे, ते तिकडे. म्हटलं आजोबा, सोडा तरी!"

मास्तरांनी मांडीवरचे हात एकमेकांत अडकवून घेतले. टोपलीकडे एकदा पाहिलं. बोळे वर डोकावत होते. भरलेली होती.

तिचा आवाज. डॉक्टर म्हणाले होते, गाठ काढू, धोका काही नाही, पण आवाज पहिल्यासारखा राहीलच असं सांगता येत नाही. ती म्हणाली होती, "नाही राहिला तर नाही, ह्यांना तेवढाच आराम." डॉक्टर हसले, ती हसली, मास्तर भिंतीवरच्या घशाच्या चित्राकडे बघत राहिले. घरी आल्यावर त्यांनी कॉम्प्युटरमध्ये आवाज साठवायचं बटण शोधून काढलं. मुलीला विचारलं, पण कशाला ते सांगितलं नाही. मग ती टेबलाच्या त्या टोकाला खिडकीच्या पडद्यांना दुमड घालत बसली की हे या टोकाला उगाच काहीतरी बेतत बसायचे आणि हळूच बटण दाबून ठेवायचे. तिला वाटे, स्वारी नातवाचे फोटो बघतेय. ती बोलत राही. बोलणं म्हणजे काय, सुईबरोबर तोंड चालायचंच तिचं, एका टाक्याला एक शब्द.

टोपलीतलं एक, त्यांना पाठ असलेलं:

"…आणि तिला म्हटलं, बाई गं, बाही आखूड झाली नाही, तुझा हात लांब झालाय. तर रागावली! आता हातच लांब असेल तर त्याला शिंपी काय करणार, अहो, ती पांढरी रीळ, ती नाही, ती तर मळकी आहे, पांढरी म्हणजे पांढ…"

आणखी एक:

"…थांबा. मोजतेय. …"

एवढंच. मग सुईचा कापडातून निघण्याचा आवाज, खरं तर तो ऐकू येत नाही, पण मास्तरांना यायचा.

एकदा तिनं पकडलंच. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ तिच्या बोलण्याबरोबर उड्या मारत होती. ती थांबली, रेघ झोपली. ती म्हणाली, "अय्या," रेघ उठली. तेव्हा ती खरोखर चिडली होती, त्यांच्या आठवणीत क्वचितच चिडली असेल तशी. "मी मेल्यासारखं जपून काय ठेवताय मला? समोर बसलेय ना? टाका ते सगळं टोपलीत." आणि त्यांनी टाकलं. तिच्या देखत, एकेक, ओढत नेऊन. बायकोचं ऐकलं, आणि काही गमावलंही नाही. रात्री झोपताना त्यांना स्वतःच्याच हुशारीचं हसू आलं होतं. टोपलीत टाकलेलं काही कधी जातं का?

ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला तो गेलाच. कुजबुज राहिली. कापडावरून हात फिरवावा तशी, आणि तीही जवळ असलं तरच कळणारी. हाक मारता येत नाही म्हणून ती आता उजव्या हाताच्या बोटात अंगुस्तान घालूनच वावरते. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची धातूची टोपी ती, तिनं हाकेला घेतली. दाराच्या चौकटीवर, ओट्यावर, कपाटावर टक्क. इकडे या. टक्क टक्क. ऐकताय ना? घरभर तो आवाज फिरतो. आणि ती बोलायला लागली की मास्तर आता हातातलं टाकून तिच्याकडे वळतात, पूर्ण वळतात, चष्मा वर करून तिच्या ओठांकडे बघतात. एक शब्द सांडू द्यायचा नाही. तिला त्यासाठी घसा किती ताणावा लागतो ते दिसतं त्यांना. कधीकधी ती मधेच बोलायची थांबते आणि हात झटकते, जाऊ दे. हे म्हणतात, नाही नाही, बोल, ऐकतोय मी. ती म्हणते, तेच तर.

ह्या 'तेच तर'चा अर्थ त्यांनी कधी लावून पाहिला नव्हता.

"…काका, तुमच्याकडे ना व्हायरस वगैरे काही नाही बरं का, उगाच लोक घाबरतात, साधी धूळ साठावी तसं साठतं हो, आमच्या घरी तर विचारूच नका, सासूबाई एकेक फोटो सात-आठदा काढतात, म्हणतात एखादा तरी बरा येईल…" बाई बोलत होती. तिचा आवाज सर्दीनं भरलेला, नाकातून येणारा, कुठेही न थांबणारा. चेहरा नव्हता त्याला, ओठ नव्हते, ज्यांच्याकडे बघावं असं काही नव्हतंच, आणि म्हणून असेल, मास्तरांचे खांदे हळूहळू खाली आले. बऱ्याच दिवसांनी खोलीत कुणीतरी एकसारखं बोलत होतं आणि त्यांना ऐकावं लागत नव्हतं. ते बाणाकडे बघत होते, मधूनच हं म्हणत होते. किती न अडखळता चालत होता. एक चौकट उघड, दुसरी मिट, ही ओढून तिकडे. त्यांना खडू आठवला. काजबाई दुकानात कामाला लागली तो दिवस, तिचे केस तेव्हा कानामागे पिनेत, "हं," आणि टेबलावर करड्या रंगाचं कापड, गिऱ्हाईक एका खांद्यानं उतरता माणूस, आणि आपण आपले दोन्ही खांदे सारखे आखत होतो, सवयीनं. तिला कोपऱ्यात काजं करायला बसवलेलं, तिचा कापण्याशी संबंध काय. ती उठून आली, "बघा, ही इथली जुनी प्रोग्रामं काढली तर चालतील ना?" "हं," काही न बोलता आपल्या हातातला खडू घेतला आणि आपल्या रेघेच्या किंचित खाली दुसरी रेघ ओढली, एका दमात, जशी आधीपासून तिथे होतीच आणि हिनं फक्त वरची धूळ पुसली. आपण रागावणार होतो. तिच्या बोटांवर खडूची पूड होती आणि ती आपल्याकडे न बघता परत जाऊन बसली, "हं," आणि तो कोट असा बसला त्या माणसाच्या अंगावर, की तो आरशात बघून "काका, इथे रिसायकल बिनमध्ये तर केवढं साठलंय! जागा हिनंच खाल्लीय सगळी. टोपली रिकामी करू का?" सरळ उभा राहिला, म्हणजे तो होता तसाच होता, उतरता, पण कोटानं ते पोटात घातलं होतं. "हं." ती रेघ अजून डोळ्यांपुढे आहे. तिची बोटं. "कायमचं जाईल म्हणतोय, करू ना?" पांढरी पूड. "हं."

चुरचुर असा आवाज आला. कागद चुरगाळल्याचा.

मास्तरांनी वर पाहिलं. टोपली तिथेच होती, जाळीदार, इतकुशी. बोळे नव्हते. तळ दिसत होता. त्यांच्या दुकानाच्या टोपलीचा तळ त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. तो कसा विणलेला आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आता हा समोर, पांढरा स्वच्छ.

"झालं! बघा आता कसा पळतो."

"टोपली," मास्तर म्हणाले.

"हो, केली रिकामी. तुम्ही हं म्हणालात ना."

"त्यात…"

"काय होतं त्यात?"

त्यांना सांगता येईना. बायको म्हणावं? आवाज म्हणावा? शेवटी ते म्हणाले, "आमचं कातरण होतं."

फोनमधली बाई पहिल्यांदाच गप्प झाली. तेवढ्या शांततेत तिच्या बाजूनं घड्याळाची टिकटिक ऐकू आली, तिच्याकडेही घड्याळ होतं, भिंत असणार, खुर्ची. मग ती म्हणाली, वेगळ्याच आवाजात, नाक पुसून, "काका, मी दोनदा विचारलं हो."

"विचारलंत. तुमची काही चूक नाही."

"महत्त्वाचं होतं?"

"बायकोचा आवाज होता." आणि मग एकदम, चुकीचं समजेल म्हणून, "आहे ती. बाहेर गेलीय. बटणं बघायला. पण आवाज नाहीये तिला आता. तो तेवढाच होता."

"अगं बाई," ती म्हणाली. "अगं बाई गं. थांबा. हात लावू नका. कशालाही हात लावू नका, काका. श्वाससुद्धा बेतानं घ्या."

बाण पळत सुटला. आता त्याची चाल मघासारखी नव्हती, तो धडपडत होता, चौकटीवर चुकीच्या जागी टकटक करून परत येत होता, आणि ते बघून मास्तरांना, विचित्र आहे, पण जरा बरं वाटलं. मागे हात आहे. थरथरतोय म्हणजे हात आहे. बाई पुटपुटत होती, की टाकलेलं लगेच नाहीसं होत नाही, नाव पुसलं जातं, वस्तू काही वेळ तशीच पडून राहते, तिच्यावर दुसरं काही ठेवलं गेलं नाही तर. "पण ही तुमची डिस्क नवीन जातीची आहे, मेली फार टापटिपीची असते, लगेच झाडून घेते, बघू या, बघू या." पडद्यावर एक पट्टी आली. हिरवं डावीकडून उजवीकडे सरकायला लागलं, इतकं सावकाश की सरकतंय की नाही ते कळण्यासाठी खिडकीकडे बघून परत बघावं लागे. मास्तर खिडकीकडे बघत होते. समोरच्या गॅलरीत कुणाचा तरी शर्ट वाळत होता, कॉलर उलटी, आतला जोड दिसत होता. कॉलरला वेगळंच कापड लावलं होतं, बाहेरून कळणार नाही असं. कुणीतरी टोपलीत हात घातला असणार.

तिला सांगायचं काय? हा प्रश्न त्यांना दुखत होता, कापडात राहून गेलेल्या टाचणीसारखा, हललं की टोचणारा. तिनं टाका म्हटलं होतं, म्हणजे ती काही म्हणणार नाही. तिच्या लेखी ते केव्हाच गेलेलं. मग सांगायचंच कशाला. आणि न सांगता तिच्यासमोर जेवायला बसायचं? ज्या माणसाचा आवाज आपण आत्ता हं म्हणून घालवला, त्या माणसाच्या ओठांकडे चष्मा वर करून बघायचं?

"काही नावं सापडतायत," बाई म्हणाली. "पण आत काही नाही. रिकामी पाकिटं. हे रिकामं. हेही. थांबा, थांबा हं, ह्यात काहीतरी आहे. लावते."

खोलीत आवाज झाला. कात्रीचा. मोठ्या कात्रीचा, जाड कापडातून, लांबलचक, शेवटपर्यंत पाती न मिटवता पुढे नेत राहावं तसा. मास्तरांचाच हात तो, चालतोय. मग कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग कुणीतरी श्वास आत घेतला, थोडा, बोलायला सुरुवात करताना बाई माणूस घेते तेवढा.

आणि संपलं.

"एवढंच आहे, काका. पुढचं गेलं." बाई जवळजवळ रडवेली झाली होती, की सर्दीच होती. "काय बोलणार होत्या त्या?"

मास्तरांना ते ठाऊक नव्हतं. काहीही. पांढरी रीळ. थांबा, मोजतेय. ते म्हणाले, "परत लावा."

कात्री. टेबल. श्वास.

जिन्यावर पावलं वाजली. मग दारावर टक्क.

काजबाई आत आली ती बटणांची पुडी ओठांत धरून, कारण एका हातात छत्री, दुसऱ्यात किल्ली. पुडी काढून टेबलावर ठेवली. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. पडद्यावर बाण जिथल्या तिथे गोठला होता.

"नमस्कार, काकू," फोन म्हणाला, अगदी बारीक आवाजात.

"कोण?" तिची कुजबुज.

"कॉम्प्युटरवाल्या बाई आहेत," मास्तर म्हणाले आणि उभे राहिले, गिऱ्हाइकाचं कापड कात्रीत गेलं की उभं राहतात तसे. "अगं, मी एक गोंधळ घातलाय. तो तुझा आवाज. तू टाका म्हणालीस, मी टाकला होता. पण टाकला म्हणजे, टोपलीत टाकला होता. आणि आज त्यांनी विचारलं, रिकामी करू का, आणि मी आपला, लक्षच नव्हतं माझं, मी म्हणालो हं."

काजबाईचे खांदे हलायला लागले. मास्तरांना आधी वाटलं, रडतेय. ते पुढे झाले. ती हसत होती. तिचं हसणं आता असंच होतं, बिनआवाजाचं, सगळं खांद्यांत आणि पोटात, आणि डोळ्यांतून पाणी. तिनं टेबलाची कड धरली. अंगुस्तान लाकडावर तडतड वाजलं.

"मला काय माहीत नाही?" ती कुजबुजली. "टोपली बघितल्याशिवाय माझा दिवस कधी सुरू झालाय?"

"म्हणजे?"

"तुम्ही अंघोळीला जाता ना सकाळी."

मास्तर उभेच. नळाचा आवाज, साबण, आरशावरची वाफ, आणि बाहेर हिचा हात कोपरापर्यंत टोपलीत. रोज. आणि आपल्याला वाटत होतं की आपणच काय ते हुशार.

"मग काढलंस का नाही सगळं? बाहेर ठेवायचं होतंस!"

"सगळं कशाला?" तिनं त्यांना बाजूला केलं, खुर्चीत बसली. माऊस हातात घेतला आणि बाण हलेना. फोनमधून आवाज आला, "सॉरी काकू, मी धरून ठेवला होता, सोडते, सोडला," आणि बाण सुटला. काजबाईनं नातवाच्या फोटोंचा ढीग उघडला. ती खाली खाली गेली, पाळण्यातला नातू, रांगता नातू, एका फोटोत नुसता नातवाचा पाय, आणि त्याच्याही खाली एक, ज्याला चित्र नव्हतं. "एकच तुकडा कामाचा होता."

तिनं तो लावला.

आणि तिचा आवाज खोलीत आला. पूर्ण, गोल, थोडा चिरका, वरच्या पट्टीतला. मास्तरांनी टेबलावर हात टेकला. तिचा तो जुना आवाज ह्या तिच्याच डोक्यावरून येत होता आणि ती मान न हलवता बसली होती, दुसऱ्या कुणाचं तरी ऐकावं तशी.

"…आता त्या समोरचीनं पडदे आणून टाकलेत, म्हणते उद्या द्या. उद्या! माझे काय चार हात आहेत?"

"हं."

"चार नाहीत म्हणून तर म्हणतेय. तुम्ही ऐकताय का?"

"हं."

"काय म्हणाले मी?"

"हं."

"धन्य आहे. भिंतीशी बोललं असतं तर तिनं पोपडा तरी टाकला असता. बरं, संध्याकाळी तो दिवा बघाल का जिन्यातला? परवा माझा पाय चुकत होता."

"हं, बघतो."

"अय्या! ऐकू आलं! अहो, आवाज फुटला ह्यांना! …"

फोनमधली बाई खुदकन हसली आणि तिनं लगेच तोंडावर हात ठेवला असावा. तुकडा चालू राहिला. तो लांब होता, त्यांनी कधी शेवटपर्यंत ऐकलाच नव्हता, कारण तो त्यांना बिनकामाचा वाटला होता. सारखी मधे मधे आपली लुडबुड, तिचं बोलणं तोडणारी. आता ते ऐकत होते. एक हं वर जाणारा, म्हणजे कात्री वळणावर आहे. एक खाली बसलेला, म्हणजे माप जुळलं. एक नुसता नाकातला. एक लांबलेला, ज्यात त्यांना तेव्हाची दुपार ऐकू आली, पोट भरलेली, पायांवर ऊन. आपण इतक्या तऱ्हांनी हं म्हणतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिचं बोलणं त्यांच्यावरून वाहत होतं, वळसा घालून जात होतं, परत येत होतं, थांबायचं नावच नव्हतं.

"हा का ठेवलास?" त्यांनी विचारलं. "ह्याच्यात तुझ्यापेक्षा माझंच जास्त आहे."

"तुमचंच ठेवलं मी. माझा आवाज मला पाठ आहे."

"मी काही बोललोच नाही त्यात."

"तेच तर." ती खुर्चीतच त्यांच्याकडे वळली. बोलायला तिला जोर लावावा लागत होता, गळ्याची शीर उभी राहिली, आणि मास्तर सवयीनं वाकले, चष्मा वर गेला, नजर ओठांवर. तिनं हातानं त्यांचा चेहराच हळूच बाजूला वळवला. खिडकीकडे. "असं बघत नका जाऊ. आजारी असल्यासारखं वाटतं मला. किती दिवसांत हं म्हणाला नाहीत." मग जरा थांबून, दम घेऊन, "त्या बाईंना म्हणालात आज."

मास्तर खिडकीकडे बघत राहिले. समोरचा शर्ट वाऱ्यानं सरळ झाला होता. कॉलरचा जोड आता दिसत नव्हता. त्यांना एवढं सगळं एकदम कळलं की त्याला धरायला त्यांच्याकडे टाचणी नव्हती, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"काका," फोनमधून आलं, "काकू, तो तुकडा मी नीट ठेवून देऊ का? दोन-तीन ठिकाणी? म्हणजे परत कुणी…"

काजबाई फोनकडे वाकली. "ठेवा. पण टोपलीत नको."

"नाही हो काकू! आयुष्यात कुणाची टोपली रिकामी करणार नाही मी आता."

"आणि तो दुसरा," मास्तर म्हणाले. "कात्रीचा. तोही ठेवा."

"त्यात तर काहीच नाही, काका."

"राहू दे. त्याचा दिवस अजून आला नाही."

बाण कामाला लागला. मघासारखा पुन्हा सावकाश, एका दमात रेघा ओढल्यासारखा. मग बाईनं काढा घ्यायला सांगितल्याबद्दल काजबाईचे आभार मानले, जे मास्तरांच्या मते तिनं सांगितलंच नव्हतं, पण दोघींमध्ये फोनवर काहीतरी कुजबुज आणि शिंका झाल्या होत्या खऱ्या, आणि मग ती गेली. बाण तिथेच राहिला, आता नुसता बाण, हात लावला तरच हलणारा. निळं चक्र फिरत नव्हतं. कॉम्प्युटर खरोखरच पळत होता.

काजबाई पुडी घेऊन स्वयंपाकघरात गेली. मास्तर टेबलापाशी बसले. कात्री घेतली, कापायला काही नव्हतं, म्हणून मुलीनं पाठवलेल्या खोक्याचा जाड कागद घेतला आणि त्याला उगाचच एक खांदा आखला, किंचित उतरता. आतून भांड्याचा आवाज. मग कुजबुज. ती पाठमोरी होती, ओट्याकडे तोंड, नळ चालू, आणि ती बोलत होती. बटणांबद्दल असणार. की समोरच्या बाईबद्दल. की जिन्यातल्या दिव्याबद्दल, तो अजून तसाच होता. शब्द एकही पोचत नव्हता. नुसती एक सळसळ, थांबणारी, पुन्हा सुरू होणारी. मास्तरांची मान वळायला निघाली. खुर्ची करकरली. उठावं, जाऊन तिच्यासमोर उभं राहावं, काय म्हणालीस.

त्यांनी मान परत कागदाकडे आणली. कात्री वळणावर होती.

"हं," ते म्हणाले.

नळ बंद झाला.

मग ओट्यावर अंगुस्तान वाजलं, टक्क, आणि सळसळ पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जरा जोरात.